बहात्तरचा दुष्काळ आणि तीन कार्डे: एका ग्रंथपालबाईंच्या गणिताभ्यासाचे प्रकरण

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या सार्वजनिक वाचनालयात जुन्या मराठी नियतकालिकांतील लेखांची सूची संगणकावर उतरवण्याचे काम काही वर्षे चालले होते. प्रत्येक लेखाचे एक कार्ड असे: शीर्षक, लेखक, अंक आणि खाली दोन-तीन ओळींचा सारांश. काम संपत आले असताना एक शिक्षक बहात्तरच्या दुष्काळावरचे लेख शोधायला आले. ग्रंथपालबाईंनी शोधाच्या चौकटीत ‘दुष्काळ’ हा शब्द टाकला, आणि जे लेख आपण स्वतःच्या हाताने नोंदवले आहेत हे त्यांना पक्के आठवत होते, त्यांतले बरेचसे पडद्यावर आलेच नाहीत. एका कार्डावर ‘अवर्षण’ होते, दुसऱ्यावर ‘पाण्याचे दुर्भिक्ष’, आणि सरकारी अहवालांवर बेतलेल्या लेखांत ‘टंचाईसदृश परिस्थिती’, कारण दुष्काळाला दुष्काळ न म्हणण्याची सरकारी भाषेची रीत जुनी आहे.

बाई वाणिज्य शाखेच्या पदवीधर असून त्यांचे पुढचे शिक्षण ग्रंथालयशास्त्राचे आहे. मी गणिताचा निवृत्त प्राध्यापक आणि त्याच वाचनालयाचा सभासद. ‘सर, हे यंत्र शब्द कसे मोजते ते मला मुळापासून शिकायचे आहे,’ असे त्या म्हणाल्या तेव्हा मला वाटले होते की दोन रविवारांत काम होईल. प्रत्यक्षात जे घडले, आणि विशेषतः जिथे आम्ही दोघेही अडलो, त्याची ही नोंद आहे.

आधीचे दोन प्रयत्न

माझ्याकडे येण्यापूर्वी बाईंनी दोनदा सुरुवात करून सोडून दिली होती. पहिल्या वेळी त्यांनी रेषीय बीजगणिताचा एक दीर्घ व्याख्यानक्रम पहिल्या धड्यापासून धरला. समीकरणे, मॅट्रिक्स आणि निश्चयक येथपर्यंत त्या टिकल्या, पण आयगेनमूल्ये काढण्यासाठी बहुपदी मांडून तिची मुळे शोधायची वेळ आली तेव्हा, हे सारे कशासाठी, या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर उरले नाही. दुसऱ्या वेळी त्यांनी उलट टोक गाठले. भाच्याकडून एक तयार प्रोग्रॅम चालवून घेतला, त्यात सगळी सूची ओतली, आणि बाहेर आलेल्या दशांशांच्या रांगांकडे पाहून त्यांना एवढेच कळले की ‘दुष्काळ’ शोधल्यावर अजूनही ‘अवर्षण’ येत नाही.

या दोन प्रयत्नांच्या मध्ये काही आठवडे पेजरँकमध्ये, म्हणजे दुव्यांवरून वेबपानांचे महत्त्व ठरवण्याच्या गूगलच्या पद्धतीत, गेले होते, कारण आयगेनसदिशाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण तेच आहे. वाचक एका पानावरून दुव्याने दुसऱ्या पानावर जातो आणि ०.१५ संभाव्यतेने कुठेही उडी मारतो, ही कल्पना त्यांना उत्तम समजली होती. मात्र सूचीतील कार्डे एकमेकांकडे बोट दाखवत नाहीत. तिथे दुवेच नसल्याने ते गणित कितीही सुंदर असले तरी या कामाला लागू नव्हते. शिकणाऱ्याची पुष्कळ शक्ती अशा प्रसिद्ध पण गैरलागू उदाहरणांत खर्ची पडते, असे मला अध्यापनाच्या काळातही दिसत आले आहे.

म्हणून आम्ही एक अट घातली: कागदावर हाताने करता येईल एवढेच उदाहरण घ्यायचे, आणि त्याचे योग्य उत्तर आधीपासून बाईंना माहीत असले पाहिजे.

आठ कार्डे

पहिला प्रश्न शब्दाच्या वजनाचा होता. ‘आणि’ हा शब्द जवळजवळ प्रत्येक कार्डावर असतो, तर ‘अवर्षण’ क्वचित. म्हणून दुर्मीळ शब्दाला अधिक वजन द्यावे, ही कल्पना कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडली. सालाचा योगायोग बाईंच्या लगेच ध्यानात आला. सूत्र साधे आहे: एकूण कार्डांच्या संख्येला शब्द असलेल्या कार्डांच्या संख्येने भागायचे आणि आलेल्या भागाकाराचा लॉग घ्यायचा. मी मुद्दाम आठ कार्डे आणि लॉगसाठी २ हा पाया निवडला, म्हणजे उत्तरे पूर्णांकात येतात. आठही कार्डांवर असलेल्या शब्दाचे वजन ०, चारांवर असलेल्याचे १, दोहोंवर असलेल्याचे २ आणि एकाच कार्डावर असलेल्याचे ३.

बाईंनी विचारले, ‘नुसता भागाकार का नको? लॉग मध्येच कुठून आला?’ पुष्कळ अभ्यासक्रम हा प्रश्न ‘मोठ्या संख्या आटोक्यात राहाव्यात म्हणून’ असे सांगून उडवून लावतात, पण ते उत्तर अपुरे आहे. शोधणारा दोन शब्द देतो तेव्हा आपण त्यांच्या वजनांची बेरीज करतो. एक शब्द निम्म्या कार्डांवर आणि दुसरा पाव कार्डांवर असेल, आणि दोघांचा एकमेकांशी संबंध नसेल, तर दोन्ही असलेली कार्डे एक-अष्टमांश, म्हणजे आठांत एक, असतील. संभाव्यतांचा गुणाकार होतो आणि लॉग त्या गुणाकाराची बेरीज करतो: १ अधिक २ बरोबर ३, आणि एका कार्डावर असलेल्या शब्दाचे वजनही ३.

याच मांडणीतून सूत्राचे दुखणेही दिसले, आणि ते बाईंनी स्वतः शोधले. ‘सरपंच’ आणि ‘ग्रामपंचायत’ हे दोन शब्द त्याच दोन कार्डांवर होते. प्रत्येकाचे वजन २, म्हणून बेरीज ४. म्हणजे सूत्राच्या मते अशी जोडी सोळा कार्डांत एकदा यावी. प्रत्यक्षात ती आठांत दोनदा आली होती, तेव्हा खरे वजन २ एवढेच असायला हवे. एकत्र फिरणाऱ्या शब्दांना हे सूत्र दुप्पट भाव देते, हे त्यांना कोणत्याही प्रमेयाविना कळले, आणि शब्दांची एकमेकांशी असलेली ही बांधणी हिशोबात कशी घ्यावी, हा पुढचा प्रश्न आपसूक उभा राहिला.

तीन कार्डे, आणि २, २, २

या प्रश्नाचे एक उत्तर डीअरवेस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दिले. शब्द आणि कार्डे यांच्या मोठ्या सारणीचे एसव्हीडी (सिंग्युलर व्हॅल्यू डीकंपोझिशन) या पद्धतीने परस्परांशी काटकोनात असलेल्या अक्षांत विघटन करायचे, प्रमुख अक्ष ठेवायचे आणि बाकीचे सोडून द्यायचे. मग समान परिसरात वावरणारे शब्द जवळ येतात. बाईंच्या भाच्याने चालवलेला प्रोग्रॅम नेमके हेच करत होता, तरीही ‘दुष्काळ’ आणि ‘अवर्षण’ जवळ आले नव्हते.

आम्ही सरावासाठी तीन शीर्षके रचली: ‘पाण्याचा दुष्काळ’, ‘अवर्षण आणि पाणी’, ‘संगीत नाटक’. ‘आणि’ वगळला की प्रत्येक कार्डावर दोन शब्द उरतात. अपेक्षित उत्तर उघड होते: पहिली दोन कार्डे जवळ यावीत आणि तिसरे दूर राहावे.

एसव्हीडीकडे जाण्याची हाताने करता येण्याजोगी वाट अशी, की आधी कार्डाशी कार्ड ताडून पाहणारी एक छोटी सारणी करायची. तिच्या प्रत्येक चौकोनात त्या दोन कार्डांत किती शब्द समान आहेत हे लिहायचे, आणि कर्णावर प्रत्येक कार्डाचे स्वतःचे शब्द. मग या सारणीची आयगेनमूल्ये, म्हणजे कोणत्या दिशेला किती वजन आहे हे सांगणाऱ्या संख्या, काढायची. बाईंनी रविवारी दुपारी ती सारणी घरी मांडली आणि सोमवारी मला दाखवताना त्यांचा चेहरा उतरलेला होता. कर्णावर २, २, २ होते, बाकी सर्वत्र शून्य, आणि आयगेनमूल्येही २, २, २. ‘माझे काहीतरी चुकले,’ असे म्हणून त्यांनी गुणाकार दोनदा तपासले होते. मीही तपासले. गुणाकारात चूक नव्हती.

मी पहिली काही मिनिटे गणितातच चूक शोधत राहिलो, हे इथे लिहून ठेवले पाहिजे. तिन्ही मूल्ये समान आली की त्याचा अर्थ असा होतो की कोणतीही दिशा दुसरीपेक्षा महत्त्वाची नाही. मग कोणता अक्ष ठेवायचा आणि कोणता टाकायचा, हे ठरवायला गणिताजवळ काहीच आधार उरत नाही. तीनही कार्डे एकमेकांशी काटकोनात उभी आहेत, एवढेच सारणी सांगत होती. पण पहिल्या दोन कार्डांत पाणी तर समान होते! तेव्हा बाईंनी शब्द-कार्डांच्या मूळ सारणीच्या डाव्या बाजूच्या शब्दांवर बोट ठेवले. तिथे ‘पाण्याचा’ ही एक ओळ होती आणि ‘पाणी’ ही दुसरी.

मराठी वाचकाला हे दोन शब्द वेगळे वाटतच नाहीत, म्हणून ती चूक आमच्या नजरेतून सुटली. सारणीला मात्र त्यांच्यातला संबंध ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. भाच्याच्या प्रोग्रॅममध्येही तेच झाले असणार, फक्त तिथे ते दशांशांच्या गर्दीत दडले होते. तीन कार्डांवर ते २, २, २ असे उघडे पडले.

पाणी, पाण्याचा, पाणिनी

यानंतरच्या टप्प्यात मी शिष्य होतो आणि बाई गुरू. मराठीत नामाला विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागण्यापूर्वी त्याचे सामान्यरूप होते: ‘पाणी’चे ‘पाण्या’, ‘घर’चे ‘घरा’, ‘शाळा’चे ‘शाळे’. म्हणून शेवटचा ‘चा’ किंवा ‘साठी’ नुसता कापला तर ‘पाणी’ मिळत नाही, ‘पाण्या’ मिळते, आणि ते पुन्हा वेगळी ओळ होऊन बसते. शिवाय सूची जुन्या अंकांची होती. अनुच्चारित अनुस्वार गाळण्याचा नियम १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी रूढ केला, पण त्याआधीच्या कार्डांवर ‘पाण्यांत’ आणि नंतरच्यांवर ‘पाण्यात’. एका पाण्याच्या किती ओळी होतील याला मर्यादाच राहिली नाही.

मी सुचवलेला उपाय आळशी माणसाचा होता: प्रत्येक शब्दाची फक्त सुरुवातीची अक्षरे ठेवायची. ‘पाण’ एवढेच ठेवले की पाणी, पाण्याचा, पाण्यांत ही सारी रूपे एकत्र येतात. बाईंनी लगेच विचारले, ‘आणि पाणिनी?’ सूचीत संस्कृत व्याकरणावरचे लेख होते. माझ्या उपायाने पाणिनी दुष्काळी कामावर रुजू झाला असता. प्रत्यय कापण्याच्या त्यांच्या पद्धतीलाही अडचणी होत्या. ‘घरात’मधला ‘त’ काढावा तर ‘संगीत’मधलाही निघतो आणि ‘संगी’ उरते. ती चूक सर्वत्र सारखीच झाली असती तर बिघडले नसते, पण ‘संगीताचा’मधून ‘संगीता’ उरते आणि संगीताच्या पुन्हा दोन ओळी होतात.

एका चुकीने हवी ती कार्डे निसटतात, दुसरीने नको ती शिरतात. हा ताण मोजण्याची रीत या शास्त्रात जुनी आहे. इंग्लंडमधील क्रॅनफील्ड येथे सिरिल क्लेव्हरडन यांनी १९६० च्या दशकात विमानशास्त्रावरील १,४०० नोंदी आणि सव्वादोनशे प्रश्न घेऊन, कोणत्या प्रश्नाला कोणती नोंद खरोखर लागू आहे हे माणसांकडून ठरवून घेतले, आणि मग शोधपद्धतींची तुलना केली. सापडलेल्यांपैकी किती कामाची, हे एक माप. कामाच्यांपैकी किती सापडली, हे दुसरे. भारतीय भाषांसाठी अशी सामग्री २००८ पासून ‘फायर’ या उपक्रमात तयार होऊ लागली आणि तिच्यात मराठीचाही समावेश आहे. बाईंनी स्वतःसाठी एक वही केली, जिच्यात वाचकाने विचारलेला प्रश्न त्याच्याच शब्दांत लिहायचा आणि पुढे, आपल्या मते यायलाच हवीत अशा कार्डांचे क्रमांक. शेवटी त्यांनी सामान्यरूपांची यादी हाताने केली आणि यादीत नसलेल्या शब्दाचा प्रत्यय कापायचाच नाही असे ठरवले. अशाने काही कार्डे निसटतात हे त्यांना मान्य आहे, पण पाणिनी सुरक्षित आहे.

३, २, १

आता तीन कार्डांची सारणी पुन्हा मांडली. पहिल्या आणि दुसऱ्या कार्डात ‘पाणी’ समान, म्हणून त्यांच्या चौकोनात १ आला. आयगेनमूल्ये काढण्यासाठी ती नकोशी बहुपदी लागलीच नाही. सारणीने गुणल्यावर जी दिशा फक्त ताणली जाते, वळत नाही, ती आयगेनसदिशाची दिशा, एवढेच मी सांगितले आणि बाईंना अंदाजाने शोधू दिले. पहिली दोन कार्डे सारख्या प्रमाणात घेतली तर उत्तर तिप्पट येते. एक अधिक आणि दुसरे उणे घेतले तर आहे तसेच परत येते, म्हणजे एकपट. नाटकाचे कार्ड एकटे घेतले तर दुप्पट. मूल्ये ३, २, १.

या तीन दिशांना आता अर्थ होता. ३ ची दिशा म्हणजे ‘पाण्याची ओढाताण’, २ ची म्हणजे ‘नाटक’, आणि १ ची म्हणजे ‘लेखकाने दुष्काळ म्हटले की अवर्षण’. सर्वांत कमी वजन याच शेवटच्या फरकाला मिळाले होते, आणि तोच फरक आपल्याला पुसायचा होता. ती दिशा सोडून शब्द-कार्डांची मूळ सारणी परत जुळवली तेव्हा ‘दुष्काळ’च्या ओळीत १, ०, ० ऐवजी अर्धा, अर्धा, ० आले; ‘अवर्षण’च्या ओळीतही तेच; ‘पाणी’ १, १, ० राहिले आणि नाटकाच्या ओळी जशाच्या तशा. ज्या कार्डावर ‘दुष्काळ’ हा शब्द कधीच नव्हता, त्याला त्या शब्दाचे अर्धे श्रेय मिळाले.

किती गमावले याचाही हिशोब लागतो. मूळ सारणीत सहा एकक होते, म्हणजे वर्गांची बेरीज ६, आणि ३ अधिक २ अधिक १ हेही ६. चार चौकोन प्रत्येकी अर्ध्याने बदलले, त्यांच्या वर्गांची बेरीज १, म्हणजे नेमके टाकलेले मूल्य. दोनच अक्ष ठेवायचे असतील तर याहून कमी चूक कोणत्याही मार्गाने होऊ शकत नाही, हे एकार्ट आणि यंग यांनी १९३६ मध्ये सिद्ध केले. बाईंना किंमतही दिसली: ‘दुष्काळ’ या शोधाशी पहिल्या कार्डाचे कोनावरून मोजलेले साम्य आधी ०.७१ होते, आता दोन्ही कार्डांचे ०.४१ झाले. ‘म्हणजे ज्याने सरळ दुष्काळ लिहिले त्याचे आपण काढून घेतले,’ त्या म्हणाल्या. ते खरेच आहे. म्हणून व्यवहारात आधी शब्दशः शोध आणि मग हा, असे मिश्रण करावे लागते.

इथे एक गोष्ट सांगण्याचा मोह मला आवरला नाही. सारणीऐवजी सलग बदलणारी राशी असेल तर तिचेही असेच परस्परांशी काटकोनात असलेल्या घटकांत विघटन करता येते, आणि ते १९४३ मध्ये एका शोधनिबंधात मांडणारे दामोदर धर्मानंद कोसंबी तेव्हा पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत होते. पुढे हे विघटन कारहुनेन आणि लोएव्ह यांच्या नावांनी प्रसिद्ध झाले; अलीकडे कोसंबींचे नावही जोडले जाते. वाचनालयाच्या सूचीत कोसंबी फक्त ‘इतिहास’ या विषयाखाली होते. बाईंनी त्याच दिवशी ‘गणित’ असा विषयशब्द जोडला.

दिवाळी अंक

सूचीचे काम मार्गी लागल्यावर बाईंचे लक्ष देवघेवीच्या नोंदींकडे गेले: एक पुस्तक नेणारा दुसरे कोणते नेतो हे काढता येईल का? सरावासाठी आम्ही कल्पित आकडे घेतले. शंभर सभासद, त्यांपैकी ८० दिवाळी अंक नेतात. पाककृतींची पुस्तके नेणारे २०, आणि त्यांतले १६ जण दिवाळी अंकही नेतात. म्हणजे पाककृतीवाल्यांपैकी ८० टक्के! दुसरीकडे त्याच वीस जणांतले ६ जण बागकामाची पुस्तके नेतात, म्हणजे केवळ ३० टक्के. आणि एकूण सभासदांत बागकामाचे वाचक १०.

पहिल्या नजरेत ८० टक्क्यांचा नियम भक्कम वाटतो. पण दिवाळी अंक सगळेच ८० टक्के नेतात, तेव्हा पाककृतींमुळे त्यात काहीच भर पडलेली नाही. ८० ला ८० ने भागले की गुणोत्तर १, आणि त्याचा लॉग शून्य. बागकामाचे ३० ला १० ने भागून गुणोत्तर ३. बाईंनी वहीची मागची पाने उलटली, आठ कार्डांचा हिशोब काढला आणि म्हणाल्या, ‘दिवाळी अंक म्हणजे आपला “आणि”च की.’ शोधाचे गणित आणि विदा-उत्खननाचे (डेटा मायनिंगचे) गणित यांतला दुवा मी एका व्याख्यानात समजावणार होतो. ते व्याख्यान द्यावे लागले नाही.

सध्याची स्थिती

किती अक्ष ठेवावेत हा प्रश्न सुटलेला नाही. तीन कार्डांवर १ आणि २ यांच्यात स्पष्ट पायरी होती. खऱ्या सूचीत मूल्ये हळूहळू उतरत जातात आणि इथे थांबा असे कोणतीही पायरी सांगत नाही. १९९० च्या प्रयोगांत सुमारे १०० अक्ष ठेवले होते, पण ती सूची इंग्रजी होती आणि विषय वेगळे. बाई निरनिराळ्या संख्या घेऊन प्रत्येक वेळी वहीतले प्रश्न पुन्हा विचारतात. शिवाय आयगेनसदिश एकमेकांशी काटकोनातच का येतात, याची सिद्धता त्यांनी आता स्वतःहून मागितली आहे. ज्या व्याख्यानक्रमाला त्यांनी पहिल्या प्रयत्नात रामराम ठोकला होता, त्यातच ती पुढे आहे, आणि त्या तिथपर्यंत मागून चालत येत आहेत.